अडीच टक्क्यांचा माणूस

सौदी अरेबियातल्या घरखरेदीत गेल्या पंधरा वर्षांत जवळजवळ काहीच जागेवर राहिलेलं नाही. कर्जाचे नियम तीन-चारदा फिरले, कर आले आणि त्यांचे दर बदलले, खरेदीखत कागदावरून मोबाइलमध्ये गेलं, आणि ज्या रस्त्यांवर इस्टेट एजंटांची दुकानं शेजारी शेजारी थाटलेली असायची तिथे आता कॉफीची दुकानं दिसतात. टिकून राहिले ते फक्त अडीच टक्के. १९७८ साली सौदी मंत्रिमंडळाने या धंद्यासाठी नियमावली केली, तेव्हा दलालीची कमाल मर्यादा अडीच टक्के ठरवली. २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या दलाली कायद्यातही आकडा तोच आहे. आकडा हलला नाही, पण अडीच टक्के ज्या रकमेचे काढायचे ती कुठल्या कुठे गेली, त्यामुळे दलालाचं काही नुकसान झालं नाही.

या दलालीला इथे ‘सई’ म्हणतात आणि रिवाजाने ती खरेदीदार देतो. मालकाचा माल खपवणाऱ्याची मजुरी गिऱ्हाइकाने भरायची, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अजब वाटलं. पुण्यामुंबईत दोन्हीकडून घेतात, तेव्हा आपण फार नाक मुरडू नये हे खरं. पण पहिलं घर घेणारा माणूस ज्याच्या भरवशावर बाजारात उतरतो तो नक्की कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला, आणि मधल्या सगळ्या सुधारणा मी त्याच प्रश्नाने तपासत आलो.

माझ्या रियाधच्या कचेरीतला एक सौदी सहकारी २०११ च्या सुमारास घराच्या शोधात होता. नुकतंच लग्न झालेलं, वडिलांच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा. त्याला हिंडताना सोबत हवी असे आणि मला उत्सुकता. असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली की आम्ही निघायचो, कारण एजंटांची दुकानं खऱ्या अर्थाने उघडत ती तेव्हाच आणि रात्रीच्या इशाच्या नमाजेनंतर उशिरापर्यंत चालत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. तीन भिंतींना लागून सोफे, मध्ये खजुरांची थाळी, वेलदोड्याच्या पिवळसर कहव्याची किटली, आणि चौथ्या भिंतीवर ‘मुखत्तत’, म्हणजे नव्या वसाहतीचा प्लॉटनिहाय नकाशा. विकलेल्या प्लॉटांवर मार्करने फुल्या. काही फुल्या पुसून पुन्हा मारलेल्या दिसत, त्याबद्दल कोणी विचारत नसे. तक्क्याला पाठ टेकून बसलेला एजंट घराबद्दल बोलायचाच नाही. तो मीटरबद्दल बोलायचा. मीटर कितीला, तोंड कुठल्या दिशेला, समोरचा रस्ता पंधरा मीटरचा की वीसचा, प्लॉट एका रस्त्यावरचा की कोपऱ्याचा. उत्तरेकडे तोंड असेल तर भाव जास्त, कारण दुपारचं ऊन दर्शनी भिंतीवर येत नाही. वास्तुशास्त्राचा इथे काही संबंध नाही, पण आग्रह आपल्याकडच्या पूर्वमुखीइतकाच कडक.

हा माणूस ताकास तूर लागू देत नसे. मालक कोण, तो का विकतोय, किती दिवस प्लॉट पडून आहे, यातलं काही नाही. बहुतेकदा त्यालाही ते ठाऊक नसायचं. प्लॉट दुसऱ्या एजंटकडचा असायचा, त्याच्याकडे तो तिसऱ्याकडून आलेला, आणि व्यवहार जमलाच तर ते अडीच टक्के या साऱ्यांत वाटले जायचे. म्हणून ‘मुबाशर’ या शब्दाला फार किंमत होती. मुबाशर म्हणजे थेट मालकाकडचा. दुकानाच्या काचेवर, जाहिरातीत, फोनवर, सगळीकडे मुबाशर. माझा सहकारी म्हणायचा, जो हे तीनदा सांगतो त्याच्या आणि मालकाच्या मध्ये किमान तीन माणसं असतात.

जमिनीबद्दलच सगळं बोलणं व्हायचं त्याला कारण होतं. सौदी मध्यमवर्ग घर विकत घेत नसे, बांधत असे. १९७४ साली स्थापन झालेल्या स्थावर विकास निधीकडून बिनव्याजी कर्ज मिळायचं, तीन लाख रियालांपर्यंत. त्यासाठी आधी स्वतःची जमीन हवी, मग अर्ज, मग प्रतीक्षायादी. यादी इतकी लांब की तरुणपणी अर्ज केलेल्यांची मुलं शाळा संपवत आली तरी नंबर लागत नसे. मार्च २०११ मध्ये राजे अब्दुल्ला यांनी ५ लाख घरांसाठी २५० अब्ज रियाल जाहीर केले, स्वतंत्र गृहनिर्माण मंत्रालय उभं राहिलं आणि कर्जाची मर्यादा पाच लाखांवर गेली. त्या आठवड्यात एजंटांच्या दुकानांत चैतन्य आलं होतं. कर्ज वाढलं की जमिनीचा भाव वाढणार, हे त्यांना मंत्रालयाच्या आधी कळलं असावं. पुढच्या काही महिन्यांत माझ्या सहकाऱ्याच्या डोळ्यांसमोरून रियाधच्या उत्तरेकडचे प्लॉट एकेक करून निसटले. शहरात मोकळी जमीन भरपूर होती, पण ती भिंत घालून राखून ठेवलेली. या ‘पांढऱ्या जमिनीं’वर वर्षाला अडीच टक्के आकार बसवणारा कायदा २०१५ च्या अखेरीस आला. इथेही अडीच टक्के, पण हे सरकारचे.

मधल्या काळात २०१२ मध्ये गहाणखताचा कायदा झाला. बँका आता घर तारण ठेवून रीतसर कर्ज देणार होत्या. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये मध्यवर्ती बँकेने नियम केला की घराच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम गिऱ्हाइकाने स्वतः घालायची. दहा लाखांच्या घराला तीन लाख रोख. माझ्या सहकाऱ्याने त्या दिवशी शोध बंद केला, आणि एजंटांनी त्याला फोन करणं बंद केलं. चार वर्षं ज्याने त्याला ‘माझ्या भावा’ म्हणून कहवा पाजला, त्यानेसुद्धा.

आम्हा परदेशी लोकांची गोष्ट याहून वेगळी होती. २००० सालच्या कायद्याने इकामा, म्हणजे निवासाचा परवाना, असलेल्या परदेशी माणसाला राहण्यापुरतं एक घर परवानगीने घेता यायचं, मक्का आणि मदिना सोडून. कागदावर. प्रत्यक्षात असं घर घेतलेला मराठी माणूस मला भेटला नाही. वर्षा-दोन वर्षांनी नूतनीकरण होणारा इकामा आणि कफीलच्या, म्हणजे प्रायोजक मालकाच्या, मर्जीवरची नोकरी, यांच्या जोरावर कोण घर घेणार? रियाधला मलझ किंवा बथा, जेद्दाला अझीझिया किंवा शरफिया, खोबरला थुक्बा, अशा ठरलेल्या वस्त्यांत भाड्याने राहायचं, भाडं सहा-सहा महिन्यांचं आगाऊ द्यायचं. आणि आमचा इस्टेट एजंट म्हणजे इमारतीचा हारिस. हा राखणदार बहुधा बांगलादेशी, सुदानी किंवा येमेनी. जिन्याखालच्या खोलीत राहायचा, गाड्या धुवायचा, पाण्याचा टँकर बोलवायचा, आणि कुठला फ्लॅट कधी रिकामा होणार हे मालकाच्या आधी त्याला कळायचं. दोनशे-तीनशे रियाल त्याच्या हातावर ठेवले की घर मिळायचं. त्याच्याकडे परवाना नव्हता, नकाशा नव्हता. पण तळमजल्यावर डास येतात, तिसऱ्यावरचा वातानुकूलक गळतो, हे तो सांगून टाकायचा. त्याला आमच्याबरोबर पुढची पाच वर्षं त्याच जिन्यात काढायची असायची. परवानाधारक एजंटांकडून एवढा खरेपणा मला फार क्वचित मिळाला.

घर घ्यायचं ते गावाकडे. कोकणातल्या खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या मुसलमान कुटुंबांचं आखातात येणं जुनं; त्यांचा पहिला पैसा गावातल्या बंगल्यात जायचा आणि दुसरा मुंब्रा-कौसा किंवा मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये. मागाहून आलेले आम्ही पुणे-नाशिकवाले इंजिनिअर आणि अकाउंटंट फ्लॅटवरच थांबलो. घाई कुणालाच नव्हती. जुलै २०१७ मध्ये ती आली. प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियाल कर सुरू झाला, दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ४०० वर पोचणार असं आधीच जाहीर झालेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे शेवटी महिन्याला बाराशे रियाल, तेही इकामाच्या नूतनीकरणावेळी वर्षभराचे एकदम. कुटुंबं परत जाऊ लागली. शाळेच्या वर्षाच्या मध्येच मुलांचे दाखले निघायला लागले आणि घरोघरी एकच बोलणं: तिकडे जाऊन राहायचं कुठे?

हॉटेलांच्या हॉलमध्ये भरणारी भारतीय घरांची प्रदर्शनं त्या दोन वर्षांत मी बरीच पाहिली. सुटातला एजंट मुंबईहून आलेला. टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती, तिच्या बाल्कन्यांत हिरव्या स्पंजची झाडं. त्याच्या माहितीपत्रात स्टेशन नेहमी दहा मिनिटांवर असायचं. चालत की विमानाने ते लिहिलेलं नसे. एका परिचिताने अशाच टेबलावर टोकन दिलं. एजंट दोन दिवसांनी विमानात बसला आणि त्याचं काम तिथे संपलं. पुढचं सगळं केलं परिचिताच्या मामांनी. परिचिताने रियाधच्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून दिलं, ते कुरिअरने नाशिकला गेलं, महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं ते मामांनी भरलं, बांधकामावर दर पंधरवड्याला जाऊन फोटो पाठवले, बिल्डरच्या कचेरीत बसून पार्किंगचा क्रमांक करारनाम्यात लिहून घेतला, आणि दुय्यम निबंधकाकडे अंगठाही त्यांनीच दिला. त्यांना टक्केवारी कोण देणार? परिचिताने सुटीत येताना त्यांच्यासाठी घड्याळ आणलं, तर ते रागावले, म्हणाले, “जावई समजतोस का मला?”

आखातात राहून महाराष्ट्रात पहिलं घर घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे असा एक मामा, मेहुणा किंवा थोरला भाऊ आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क वर्षअखेरीपर्यंत २ टक्क्यांवर आणलं, मग मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के ठेवलं. कोविडमुळे विमानं बंद, आणि सवलत तर चालून आलेली. लोकांनी व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघरं पाहून घरं घेतली. फोन धरून उभा एजंट असायचा. “जरा सिंकखालचं दाखव,” असं सांगायला घरचाच माणूस लागायचा.

इकडे माझ्या सहकाऱ्याचे दिवस फिरले होते. एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर झालं तेव्हा सौदी कुटुंबांपैकी ४७ टक्क्यांकडे स्वतःचं घर होतं आणि नंतर २०३० पर्यंत ७० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. २०१७ मध्ये ‘सकनी’ योजना आली. स्थावर विकास निधीने स्वतः कर्ज देण्याऐवजी बँकेच्या कर्जावरचा नफा भरायला सुरुवात केली. व्याज म्हणत नाहीत, मुराबहा म्हणतात, हप्ता मात्र हप्ताच. यादीत वर्षानुवर्षं अडकलेल्यांची नावं महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हायला लागली. जानेवारी २०१८ पासून पहिल्या घरासाठी स्वतःची रक्कम १० टक्के पुरे झाली. दुकानातल्या भिंतीवरचा नकाशा त्यानंतर पिवळा पडत गेला, कारण आता गिऱ्हाइकाला जमीन नको होती, तयार घर हवं होतं, आणि बँकेलाही. भावाची भाषासुद्धा मीटरवरून हप्त्यावर आली. एजंट पहिलाच प्रश्न विचारायचा: पगार कुठल्या बँकेत जमा होतो?

सहकाऱ्याने उत्तरेकडे नर्जिसमध्ये शोध सुरू केला होता, तो संपला पूर्वेकडच्या रिमालमध्ये. प्लॉटही नाही, व्हिलाही नाही, तर एका व्हिलाचा स्वतंत्र दाराचा एक मजला. त्याच्या वडिलांना ते घर वाटतच नव्हतं. बायकोला मात्र आवडलं, आणि मत तिचं चाललं. बायकांच्या गाडी चालवण्यावरची बंदी उठल्यावर, जून २०१८ पासून, ती स्वतः गाडी चालवत होती आणि नवऱ्याने पाहिलेली घरं दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी जाऊन पुन्हा पाहत होती. पुरुषांची बैठक दिवाणखान्याएवढीच मोठी कशाला, असं तिने एजंटला विचारलं तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

विकण्यासाठी बांधलेल्या घरांची त्या काळात फार ओरड होती. जिप्समचं छत सुंदर आणि त्याच्या आत गळणारा नळ. म्हणून सहकाऱ्याने फी देऊन एक तपासणी इंजिनिअर आणला. त्याने न्हाणीघरांच्या मोऱ्या बंद करून पाणी साठवलं आणि चोवीस तास तसंच ठेवायला सांगितलं. काठीने प्रत्येक फरशी ठोकली, पोकळ वाजली तिथे खडूने खूण केली. भिंतीवर ओल मोजायचं यंत्र टेकवलं. गच्चीवर चढून उतार तपासला. एजंट दारात उभा राहून घड्याळ पाहत होता आणि अधूनमधून म्हणत होता, “अल्लाहवर भरोसा ठेव.” सहकारी म्हणाला, अल्लाहवर आहेच. दुसऱ्या दिवशी खालच्या छताला ओलाव्याचा ताटाएवढा डाग आला होता. किंमत पस्तीस हजारांनी उतरली. इंजिनिअरची फी सईच्या विसाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. पुढे नव्या घरांच्या मूळ बांधकामातल्या दोषांसाठी दहा वर्षांचा विमा आला, इमारतींना मालकसंघ करणं आलं. रियाधमध्ये सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते आणि पार्किंगवरून भांडणं होतात हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

जुलै २०२० मध्ये मूल्यवर्धित कर ५ वरून १५ टक्के झाला. ऑक्टोबरमध्ये स्थावर व्यवहारांना त्यातून काढून वेगळा ५ टक्के कर लावला, तोही सौदी नागरिकाच्या पहिल्या घरावर दहा लाख रियालांपर्यंत सरकारच भरतं. पूर्वी हस्तांतरणासाठी बँकेचा प्रमाणित धनादेश खिशात घालून दोघांना कातिब-अल-अदल या नोटरीच्या कचेरीत जावं लागे, आणि एजंट मध्ये उभा असे. आता ते मोबाइलवर होतं. त्याचं ते उभं राहणंही गेलं.

मग एजंटाचीच पाळी आली. नव्या कायद्याने जानेवारी २०२३ पासून ‘फाल’ परवान्याशिवाय दलाली करता येत नाही, परवाना क्रमांकाशिवाय जाहिरात टाकता येत नाही, करार लेखी लागतो आणि तो स्थावर प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो. दलाली ज्याने नेमलं त्याने द्यायची, वेगळं ठरलं नसेल तर. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्रातही हेच चाललं होतं. महारेराने एजंटांची नोंदणी मे २०१७ मध्येच आणली होती. २०२३ मध्ये प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. मे महिन्यातल्या पहिल्या परीक्षेला केस पिकलेले एजंट बसले. माझ्या दोन्ही देशांत दलालाला एकाच वर्षी नवा कागद लागला.

याचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही. एकाच फ्लॅटच्या सहा जाहिराती सहा भावांना दिसायच्या, ते पुष्कळ कमी झालं. फसवलं तर तक्रार कोणाविरुद्ध करायची ते कळतं. मुबाशर लिहिणाऱ्याला आता मालकाशी केलेला करार दाखवावा लागतो. पण करार मालकाशीच असतो. ‘ज्याने नेमलं त्याने द्यायचं’ हे कलम वाचून मी खूष झालो होतो. व्यवहारात ‘वेगळं ठरलं नसेल तर’ एवढ्या फटीतून सई पुन्हा खरेदीदाराकडेच येते. खरेदीदाराने स्वतःचा एजंट नेमावा, त्याच्याशी करार करावा, त्यालाच पैसे द्यावेत, याला रियाधमध्ये कायद्याची आडकाठी नाही आणि ठाण्यातही नाही. तसं केलेला माणूस मी दोन्हीकडे शोधतोय. सौदी सहकाऱ्याने इंजिनिअर आणला, आमच्यातल्यांनी मामा आणला. एजंटाला वगळून नाही, त्याचे पैसे देऊन शिवाय.

सौदी घरमालकीचं प्रमाण २०२४ अखेर ६५.४ टक्क्यांवर गेलं, पण रियाधचे भाव त्याहून जोरात पळाले. मार्च २०२५ मध्ये युवराजांनी शहराच्या उत्तरेकडची ८१ चौरस किलोमीटरहून जास्त जमीन खुली केली आणि पाच वर्षं दरवर्षी १० ते ४० हजार प्लॉट नागरिकांना मीटरला जास्तीत जास्त दीड हजार रियालांनी द्यायचं जाहीर केलं. विवाहित किंवा पंचविशीपुढच्या, दुसरं घर नसलेल्या माणसालाच. आणि दहा वर्षं विकायचं नाही. पांढऱ्या जमिनीवरचा आकार १० टक्क्यांपर्यंत नेला. सप्टेंबरमध्ये रियाधची भाडी पाच वर्षांसाठी गोठवली. सरकार प्लॉट थेट वाटणार म्हटल्यावर एजंटांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

आणि आमच्यासाठीही कायदा बदलला. २०१९ पासून कायमच्या प्रीमियम इकाम्याला आठ लाख रियाल लागत. २०२४ मध्ये घरमालकांचा वेगळा वर्ग आला, त्यासाठी किमान चाळीस लाखांचं बिनकर्जाचं घर हवं. हे आकडे आम्ही गंमत म्हणून वाचले. जुलै २०२५ मध्ये मंजूर होऊन जानेवारी २०२६ पासून लागू झालेला परदेशी मालकीचा कायदा मात्र गंभीरपणे वाचला गेला: इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला मक्का-मदिनेबाहेर राहण्यासाठी एक घर घेता येईल, आणि ठरवून दिलेल्या विभागांत त्याहून जास्त. तेव्हापासून शुक्रवारच्या जेवणांत नर्जिस आणि मल्काचे भाव निघतात. कोणीतरी रिमालमधला मजला कितीला पडेल ते विचारतं, मी सांगतो, मग रुपयांत हिशोब होतो आणि सगळे पुन्हा तळोजा आणि पाथर्डी फाट्यावर येतात. एकाने मात्र गेल्या महिन्यात फाल परवान्याच्या एजंटाशी बोलणं लावलं आहे. सई कोण देणार, हे त्याने पहिल्याच भेटीत विचारलं. एजंट म्हणाला, “तुम्हीच, नेहमीप्रमाणे.” आमचा माणूस आता माझ्या सहकाऱ्याकडून त्या तपासणी इंजिनिअरचा फोन नंबर मागतोय.